घरच्या लेथवर केलेले वाफेचे इंजिन

(वर्धापनदिनाच्या समारंभात, खांदा कॉलनी येथे केलेले भाषण)



आपल्या मंडळात आजवर पाककृती झाल्या, भरतकाम झाले, डॉक्टरीणबाईंची व्याख्यानेही झाली. या वर्षी चिटणीसबाईंनी मला सांगितले की, तुम्ही घरी इंजिन तयार केले आहे, त्यावर चार शब्द बोला. मी सातवीपर्यंत शिकलेली एक गृहिणी. व्यासपीठावर उभे राहण्याची सवय नाही. तेव्हा बोलण्यात काही उणे-अधिक झाले तर सांभाळून घ्यावे.

समोर टेबलावर ठेवलेले हे इंजिन आपण पाहत आहात. उंची वीतभरही नाही, आणि वजन किलोभराच्या आसपास. यातला प्रत्येक भाग आमच्या मागल्या ओसरीत, टेबलावर बसणाऱ्या लहान लेथवर मी माझ्या हाताने केलेला आहे. शिकवणारे अर्थात आमचे यजमान. ते टर्नर आहेत.

हा उद्योग हौसेने सुरू झाला असे मात्र नाही. यजमान ज्या कारखान्यात होते तो बंद पडला. हाती आलेल्या रकमेतून त्यांनी हा जुना लेथ घेतला. पंप दुरुस्त करणाऱ्यांना लागणारे बुश, पिना, वॉशर असली बारीकसारीक कामे ते घरी करू लागले. पुढे मधुमेहाने त्यांची नजर मंदावली. हाताचे कसब जसेच्या तसे, पण मापाच्या बारीक रेघा दिसेनात. मग मी शेजारी उभी राहून आकडे वाचून दाखवू लागले. काही दिवसांनी ते म्हणाले, "नुसते वाचून दाखवण्यापेक्षा तूच काम शिकून घे. पहिला धडा म्हणून एक इंजिन कर. त्यात सगळे येते." त्याप्रमाणे खंडेनवमीला यंत्राची पूजा झाल्यावर मी कामास हात घातला. दुपारची जेवणे आटोपली की एक तास. सासूबाई म्हणाल्या, "हात तेलकटच करायचेत तर पुऱ्या तळ की!" पण त्यांनी अडवले मात्र नाही, हेही सांगितले पाहिजे.

आता वाफेचे इंजिन म्हणजे काय ते आपल्या भाषेत सांगते. जत्रेत मेणबत्तीवर चालणारी टिनाची फटफट होडी मिळत असे, ती आपल्यापैकी पुष्कळजणींनी परातीत पाणी घालून फिरवली असेल. ती वाफेचीच करामत. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सोळाशे-सतराशे पट जागा मागते. जागा मिळाली नाही की ती ढकलू लागते. आपल्या कुकरात हेच घडते. शिटीचे वजन वाफेला अडवून धरते, आत दाब वाढतो, आणि एरवी १०० अंशांना उकळणारे पाणी १२० अंशांच्या आसपास जाते. म्हणून डाळ लवकर शिजते.

हा कुकरच इंजिनाचा पूर्वज आहे, हे ऐकून मला फार गंमत वाटली. देनी पापँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १६७९ साली लंडनमध्ये घट्ट झाकणाचे एक भांडे लोकांपुढे आणले. त्यात हाडेसुद्धा शिजून मऊ होत. भांडे फुटू नये म्हणून त्याने त्यावर वजनाची झडप बसवली, म्हणजे आपली शिटीच म्हणा ना! त्याच पापँने १६९० साली असे मांडले की, नळीत दट्ट्या बसवला तर वाफेच्या जोरावर त्याच्याकडून काम करून घेता येईल. त्यानंतर १७१२ साली न्यूकोमेन या इंग्रज कारागिराने खाणीतले पाणी उपसणारे मोठे इंजिन उभे केले. थोडक्यात, स्वयंपाकघरातल्या भांड्यापासून आगगाडीपर्यंतची वाट ही अशी आहे.

आपल्या मुंबईनेही या कामात मागे राहायचे ठरवले नव्हते. जहाजे बांधणाऱ्या वाडिया घराण्यातील अर्देशिर कर्सेटजी यांनी १८३३ साली, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावण्याच्या २० वर्षे आधी, मुंबईतच एका अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन तयार केले आणि त्यावर पाणी चढवून दाखवले. तेव्हा त्यांचे वय अवघे पंचविशीचे. पुढे १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सभासद करून घेतले. तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय. शिवणयंत्र मुंबईत आणण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते, तेव्हा आपल्या शिवणवर्गाने त्यांची आठवण ठेवायला हरकत नाही.

आता माझ्या इंजिनाकडे वळते. इंजिनाचे प्रकार पुष्कळ आहेत, पण नवशिक्याने डोलत्या सिलिंडरचे करावे, कारण त्यात भाग थोडे. एक पाया, एक उभी पाटी, सिलिंडर, दट्ट्या, दांडा, आस, आसाला लावलेली चकती आणि जड चाक, ज्याला फ्लायव्हील म्हणतात. सिलिंडर उभ्या पाटीवर एका खिळीभोवती घड्याळाच्या लंबकासारखा डोलतो. त्याच्या अंगाला एक छिद्र आहे, आणि पाटीला दोन. सिलिंडर एका बाजूस कलला की त्याचे छिद्र वाफ आत येण्याच्या छिद्राशी जुळते, वाफ दट्ट्याला ढकलते. दुसऱ्या बाजूस कलला की ते वाफ बाहेर जाण्याच्या छिद्राशी जुळते. मध्ये असताना दोन्ही बंद. येथे दट्ट्याला एकाच बाजूने ढकल मिळते, परत आणण्याचे काम फ्लायव्हीलच्या जोराने होते. म्हणून सुरुवातीला चाकाला बोटाने एक झटका द्यावा लागतो.

लेथ म्हणजे आडवे केलेले कुंभाराचे चाकच. काम चकमध्ये घट्ट धरायचे, ते गरगर फिरते, आणि स्थिर धरलेले टूल त्याला कातत जाते. टूलचे टोक कामाच्या मध्याच्या बरोबर उंचीला लागते. खाली राहिले तर समोरच्या तोंडावर मध्यभागी बारीकसा कोंब शिल्लक राहतो. धातूंचे स्वभावही निरनिराळे. लोखंडाची लांब वेटोळी निघते, बिडाची काळी भुकटी पडते, आणि पितळेचे सुईसारखे कण उडतात. पितळेला भोक पाडताना ड्रिल एकदम आत ओढले जाते, तेव्हा हात हलका व जागा ठेवायचा.

येथे बायकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. लेथपुढे पदर, ओढणी, मोकळी वेणी, लांब मंगळसूत्र, बांगड्या यांतले काहीही लोंबते नको. मी साडीवर पूर्ण बाह्यांचा, घट्ट बसणारा कोट घालते, केस रुमालात बांधते आणि डोळ्यांना चष्मा लावते. हातमोजे मात्र घालायचे नाहीत, कारण फिरते काम मोजा पकडते आणि त्याबरोबर हातही ओढला जातो. चकची किल्ली चकमध्ये ठेवून यंत्र कधीही सुरू करायचे नाही. कातलेला कीस हाताने न उचलता ब्रशाने झाडायचा.

माझे पहिले दोन आठवडे मोजायला शिकण्यात गेले. आपण स्वयंपाकघरात अंदाजाने चालतो. मूठभर, चिमूटभर, डोळ्यांनी पाहून. तो अंदाज खरा असतो, मी त्याला नावे ठेवीत नाही. पण येथे तो पुरत नाही. व्हर्निअरच्या मुख्य पट्टीवर पूर्ण मिलिमीटर वाचायचे, मग सरकत्या पट्टीवरची कोणती रेघ वरच्या रेघेशी तंतोतंत जुळते ते पाहायचे. आमच्या व्हर्निअरवर अशी एक रेघ म्हणजे ०.०२ मिलिमीटर. मायक्रोमीटर त्याहूनही बारीक. त्याचा स्क्रू एका फेऱ्यात अर्धा मिलिमीटर सरकतो आणि फिरत्या नळीवर ५० भाग असतात, म्हणजे एक भाग ०.०१ मिलिमीटर. सातवीत शिकलेले दशांश अपूर्णांक इतक्या वर्षांनी उपयोगी पडले. शाळेत ते कशासाठी शिकवतात हे तेव्हा कळत नव्हते, आता कळले.

सामान आणायला आम्ही दोघे गेलो. खांदेश्वर स्टेशनवर हार्बरची गाडी धरली की मस्जिदला उतरता येते. तेथून नागदेवी रस्त्यावर हत्यारे मिळतात आणि गुलालवाडीच्या बाजूस धातूचे बाजार आहेत. पितळ वजनावर मिळते, अगदी भांड्यासारखे.

सर्वांत सोपे काम फ्लायव्हीलचे. ५० मिलिमीटर व्यासाचा गज धरून तोंड साफ करायचे, मध्यभागी ६ मिलिमीटरचे भोक पाडायचे. भोक आणि बाहेरची कड एकाच पकडीत केली तर चाक डुगडुगत नाही. चकतीत मध्यापासून ८ मिलिमीटरवर दांड्याची पिन बसते. चकती फिरली की पिन ८ वर आणि ८ खाली जाते, म्हणून दट्ट्याची चाल १६ मिलिमीटर. एक आकडा दुसऱ्याला कसा बांधलेला असतो ते येथे कळते.

खरी परीक्षा सिलिंडरची. १८ मिलिमीटरच्या चौकोनी पितळी कांबीत १० मिलिमीटरचे भोक. ते एकदम पाडायचे नाही. आधी लहान ड्रिल, मग मोठे, मग ९.८ चे, आणि शेवटी तेल सोडत सावकाश १० चा रीमर. रीमर बाहेर आला आणि भोकातून उजेडाकडे पाहिले, तेव्हा आत आरशासारखी चकाकी दिसली. मैत्रिणींनो, तो आनंद मला शब्दांत सांगता येत नाही. मग अंगाला दोन छिद्रे. वाफेचे छिद्र भोकापर्यंत आरपार गेलेच पाहिजे, आणि खिळीचे छिद्र आरपार जाताच कामा नये. पितळेची भिंत फक्त ४ मिलिमीटर, म्हणून ड्रिलला चिकटपट्टीची खूण लावून खोली सांभाळायची.

पाटीवरच्या छिद्रांचे गणितही करावे लागते. खिळीपासून आसापर्यंत ४० मिलिमीटर, आणि पिनेची फेरी ८, म्हणजे पाचास एक असे प्रमाण. वाफेचे छिद्र खिळीपासून १२ मिलिमीटर वर, तेव्हा ते दोन्ही बाजूंना १२ चा पाचवा हिस्सा, म्हणजे २.४ मिलिमीटर सरकते. म्हणून पाटीवरची दोन छिद्रे मध्यरेषेपासून २.४ वर पाडायची आणि छिद्र २ मिलिमीटरहून मोठे ठेवायचे नाही. मोठे झाले तर मध्ये असताना बंद होणार नाही आणि वाफ सरळ निघून जाईल. हे गणित मी माझ्या मुलीच्या वहीत केले, आणि तिने तपासले!

दट्ट्या ९.९८ ला कातायचा. म्हणजे फट राहिली ०.०२ मिलिमीटर, केसाच्या जाडीपेक्षाही पुष्कळ कमी. तेलाच्या थराने ती भरते. नंतर सिलिंडरचे आणि पाटीचे तोंड एकमेकांवर बिनफटीचे बसले पाहिजे. त्यासाठी जुन्या आरशाच्या काचेवर अगदी बारीक पॉलिश कागद ठेवून इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे घासत राहायचे. पुरण वाटताना जो धीर लागतो तोच येथे लागतो. जोराने काही होत नाही.

या बारकाईचे मोल समजावे म्हणून एक गोष्ट सांगते. जेम्स वॅटने १७६९ साली आपल्या सुधारलेल्या इंजिनाची सनद घेतली, पण त्याच्या कल्पनेप्रमाणे सिलिंडर कोणाला नीट पोखरता येईना. वाफ कडेने निसटे. पुढे १७७५ च्या सुमारास जॉन विल्किन्सनने, तोफा पोखरण्याच्या आपल्या यंत्राच्या धर्तीवर, सिलिंडर पोखरून दिले. ५० इंची सिलिंडरात एका जुन्या शिलिंगच्या जाडीएवढाही फरक पडत नाही, असे त्या कामाचे कौतुक झाले. तेव्हा कोठे वॅटचे इंजिन जगभर गेले. नाव वॅटचे झाले, पण कातकाम करणाऱ्याचा हात नसता तर ती कल्पना कागदावरच राहिली असती.

जुळणी झाल्यावर प्रथम वाफ लावायची नाही. आधी हवा. आम्ही पायाने दाबायचा पंप जोडला. सुरुवातीला चाक जड फिरते, कारण नवे भाग एकमेकांना ओळखत नसतात. तेल घालून, हाताने फिरवून, पुसून, पुन्हा तेल घालून ते रुळवायचे. चौथ्या दिवशी सायंकाळी पंप दाबला, मी चाकाला झटका दिला, आणि इंजिन टकटक करीत फिरू लागले. सासूबाई देवापुढे दिवा लावीत होत्या. त्या तशाच बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "थांबवू नका गं, मला बघू द्या."

वाफेच्या बाबतीत मात्र मी हात जोडून सांगते की, बॉयलर हे नवशिक्याचे काम नव्हे. टिनाचा डबा किंवा जुना कुकर यांचा बॉयलर कधीही करू नये. कथील आणि शिशाचा डाख १८० ते १९० अंशांच्या सुमारास वितळतो, म्हणून तांब्याच्या बॉयलरला चांदीचा डाख लागतो. बॉयलर झाल्यावर तो थंड पाण्याने काठोकाठ भरून, कामाच्या दाबाच्या दुप्पट दाब देऊन तपासतात. पाणी वाफेसारखे फुगत नाही, म्हणून सांधा सुटला तरी नुसते ठिबकते, स्फोट होत नाही. २५ लिटरपेक्षा लहान बॉयलर कायद्यातून वगळलेले आहेत, पण म्हणून ते निरुपद्रवी झाले असे समजू नये. आमचा बॉयलर या कामातल्या जाणत्या कारागिराने करून आणि तपासून दिला.

वाफ सोडली तेव्हा इंजिन आधी फुरफुरले आणि गरम पाणी थुंकू लागले. थंड सिलिंडरात वाफेचे पाणी होते. सिलिंडर तापल्यावरच चाल सुरळीत झाली. यजमानांनी सांगितले की, ग्लासगोच्या विद्यापीठात न्यूकोमेनच्या इंजिनाचा लहान नमुना दुरुस्त करताना वॅटने १७६३-६४ मध्ये नेमके हेच पाहिले. सिलिंडर पुनःपुन्हा थंड करून तापवण्यात सारी वाफ वाया जाते, हे त्याच्या ध्यानात आले, आणि वाफ निराळ्या भांड्यात थंड करण्याची युक्ती १७६५ साली त्याला सुचली. एवढी मोठी गोष्ट त्याला एका लहान नमुन्याने शिकवली. म्हणून लहान इंजिनाला खेळणे समजू नये. कुकराइतका, म्हणजे चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब दिला, तर माझ्या दट्ट्याला पाऊण किलोची ढकल मिळते. खेळण्यापेक्षा ते नक्कीच अधिक आहे.

आता कोणी विचारील की, याचा संसाराला काय उपयोग? उपयोग असा की, त्या इंजिनात तोंड साफ करणे, कातणे, पोखरणे, रीमर फिरवणे, आटे पाडणे ही सगळी कामे हातातून गेली. आज बुशचे काम आले की ते हत्याराला धार लावून देतात, कानाने यंत्राचा आवाज ऐकून चूक-बरोबर सांगतात, आणि माप माझ्या डोळ्यांनी होते. दोघे मिळून आमची एक नोकरी झाली आहे. गिऱ्हाईक पहिल्यांदा बिचकते, "वहिनी, मालक नाहीत का?" म्हणून विचारते. मी बुश हातात देते आणि म्हणते, "मापून घ्या." मग पुढे प्रश्न येत नाही. मला हे फार आवडते. माझे शिक्षण किती, मी बाई की पुरुष, हे मायक्रोमीटर विचारीत नाही. माप बरोबर तर बरोबर.

मंडळापुढे माझ्या दोन सूचना आहेत. पहिली, पुढच्या सहलीचा विचार कराल तेव्हा मुलांना घेऊन पुण्याला जावे. तेथे कर्वे रस्त्यावर बी. एस. जोशी यांनी हौसेने उभे केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. ते १९९८ साली सुरू झाले. किंवा आपल्याच रायगड जिल्ह्यात नेरळला जावे. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधलेली माथेरानची गाडी १९०७ साली सुरू झाली, आणि पुष्कळ वर्षे जर्मनीत केलेली छोटी वाफेची इंजिने ती दोन फुटी रुळांवरून डोंगर चढवीत नेत होती. मुलांना सांगा की, हेही कोणीतरी मापून, कातून केलेले आहे.

दुसरी सूचना अधिक महत्त्वाची. ज्या मुली दहावी झाल्या आहेत आणि पुढे काय करावे म्हणून घरी बसल्या आहेत, त्यांना आय. टी. आय.मधील टर्नर किंवा फिटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम दाखवावा. तळोज्याचे कारखाने आपल्यापासून लांब नाहीत. "मुलीच्या जातीला लेथ कशाला?" असे म्हणण्यापूर्वी तिला एकदा आमच्या ओसरीत पाठवा. व्हर्निअर कसा वाचायचा एवढे मी तिला शिकवीन. बुधवारी दुपारी दोन ते तीन मी मोकळी असते.

भाषण लांबले, क्षमा असावी. आता कार्यक्रमानंतर ज्यांना पाहायचे असेल त्यांनी जवळ यावे. पंप सोबत आणला आहे. चाकाला झटका मात्र तुम्ही द्यायचा आहे.